दादा आल्या आल्याच भांडण का होतं?

"एकाच पोटची पोरं, एकच घर, एकच शाळा. मग एक असा आणि दुसरा तसा कसा?" दोन मुलगे असलेले आईवडील हे मला सतत विचारतात. खरी काळजी उशिरा बाहेर येते: यांना एकमेकांची माया आहे की नाही? उत्तरादाखल एका घराची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

थोरला ९ वर्षांचा, धाकटा ६ चा. आई म्हणाली, "मोठा घुम्या आहे, मॅडम. आणि आता हातही उचलायला लागलाय." वडिलांचं उलट: "धाकटाच काड्या करतो आणि मग मार खातो."

थोरला जबाबदार, धाकटा लाडावलेला, अशा जन्मक्रमावरच्या याद्या मी बाजूला ठेवते. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी त्या क्रमाकडे लक्ष वेधलं याचं मोल आहेच, पण समोर बसलेलं मूल त्यातून कळत नाही. मला जवळचं वाटतं ते स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याचं काम. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून त्यांनी काही मुलांना तान्हेपणापासून वर्षानुवर्षं पाहिलं आणि स्वभावाची ९ अंगं नोंदवली: चळवळ किती, नवं काही दिसलं की झेप की माघार, बदलाशी जुळायला वेळ किती, प्रतिक्रिया किती जोराची, वगैरे. स्वभावापेक्षा तो भोवतालाशी जुळतो का, याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. त्यात माझी एक भर: घरात दोन मुलं असली की हा भोवताल बऱ्याचदा दुसरं भावंडच असतं.

आईवडिलांना आठवडाभर वही ठेवायला सांगितली. रकाने चार: भांडणाची वेळ, जागा, आधीच्या दहा मिनिटांत काय चाललं होतं, मोठ्यांपैकी कोण मध्ये पडलं. "कोणी सुरू केलं" हा रकाना मुद्दाम ठेवत नाही. त्यानं वहीचं आरोपपत्र होतं.

वहीतल्या बहुतेक नोंदी संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या निघाल्या. धाकटा साडेबाराला घरी येतो, थोरला साडेपाचला. थोरल्याच्या खांद्यावरून दप्तर उतरायच्या आत धाकटा पाठीवर. मग ढकलणं, बोचकारे, आणि आजीचा थोरल्याला ओरडा.

मुलांशी वेगवेगळं बोलले.

"दादा यायच्या आधी काय करतोस?"

"गॅलरीत उभा असतो. तिथून बस दिसते."

"आणि तो आला की?"

"उडी मारतो त्याच्यावर!"

थोरल्याला विचारलं, "तो नकोसा वाटतो का रे?" बराच वेळ गप्प. मग, "नाही. फक्त आल्या आल्या नको. बसमध्ये खूप आवाज असतो."

मुलांना विचारून हे दोन्ही आईवडिलांसमोर ठेवलं. वडील वहीकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा रोज वाट बघतो, आणि त्याचाच मार खातो?" मी लगेच काही बोलले नाही. आई रडत होती. हे वाक्य त्यांचं त्यांनी शोधलं होतं आणि ते माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा खोल गेलं. माया दोघांनाही होती. एकाची दंगा करून बाहेर पडायची, दुसऱ्याला तिच्यासाठी आधी शांतता लागायची.

मग साधी घडी बसवली. पाच वाजता धाकट्याला खाली पळायला न्यायचं, म्हणजे अंगातली रग आधी जिरते. थोरला आला की हातपाय धुणं, खाणं आणि वीस मिनिटं आतल्या खोलीत एकटा. भिंतीवरच्या घड्याळाला कागदी खूण. मोठा काटा तिथं पोचला की धाकट्यानं दार वाजवायचं, आणि थोरल्यानं निदान पंधरा मिनिटं खेळायचंच.

हे कुठे फसतं तेही सांगते. त्या वीस मिनिटांत आई गृहपाठ काढते, मग ती विश्रांती उरत नाही. धाकट्याला "दादाला त्रास देऊ नकोस" म्हणून अडवलं की ती शिक्षा होते. "काटा इथं आला की तो तुझा" असं सांगावं. आणि खेळ एकदा जरी टाळला तरी दुसऱ्या दिवशी धाकटा घड्याळ मानत नाही. या घरात दुसऱ्या आठवड्यात नेमकं तेच झालं. ज्या शिकवणीपायी खेळ बुडाला तिची वेळ बदलल्यावर गाडी रुळावर आली.

"दादा बघ कसा शांत बसतो" हे वाक्य मात्र पूर्ण बंद. त्यानं एकाला पाटी चिकटते, दुसऱ्याला शत्रू मिळतो. दोघांना सगळं सारखं आणायचाही अट्टहास नको. थोरल्याला पुस्तक हवं असताना दुसरी मोटार कशाला? त्यापेक्षा प्रत्येकाला रोज दहा मिनिटं एकट्यानं आई किंवा बाबा मिळू देत.

रिमोटवरची भांडणं त्या घरात अजून आहेत, त्यात पडू नका म्हटलंय. मध्ये पडायचं ते चावणं, वस्तू फेकून मारणं किंवा एकजण खरंच घाबरलेला दिसला तर. मार खाणारा नेहमी एकच असेल, तो भावासोबत एकटा थांबायला घाबरत असेल किंवा पुन्हा अंथरूण ओलं करू लागला असेल, तर वही भरत बसू नका, थेट भेटायला या.