वाचकांचे प्रश्न : अमेरिकी विद्यापीठांत फुटबॉलचा पैसा कुणाला पोसतो?

प्रश्न : अमेरिकेत शिकणारा माझा भाचा सांगतो, की तिथल्या विद्यापीठांत पोहणं, कुस्ती, व्हॉलीबॉल हे सगळे खेळ फुटबॉलच्या कमाईवर चालतात. हे खरं का?
(एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : मोजक्या बड्या विद्यापीठांपुरतं खरं आहे. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकी फुटबॉल. त्यात पैसा येतो तो तिकिटं, मोक्याच्या खुर्चीसाठी दरवर्षी द्यावी लागणारी देणगी, प्रायोजक आणि टीव्हीचे हक्क यांतून. टीव्हीचा मुख्य करार विद्यापीठांचा गट, म्हणजे कॉन्फरन्स करते आणि रक्कम सदस्यांत वाटते. बिग टेन आणि एसईसी या दोन गटांच्या पूर्ण सदस्यांना अशा वाटपातून वर्षाला प्रत्येकी ५ कोटी डॉलरहून जास्त मिळतात. त्यातून आधी फुटबॉलचाच खर्च निघतो : प्रशिक्षकांचे पगार, स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते. उरलं तर ते इतर खेळांकडे जातं.

पण वरच्या फळीतल्या बहुतेक विद्यापीठांच्याही क्रीडा विभागांचा खर्च स्वतःच्या कमाईतून भागत नाही. खड्डा भरून निघतो तो विद्यापीठाच्या निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून. म्हणजे मैदानाकडे कधी न फिरकलेला रसायनशास्त्राचा विद्यार्थीही तिथे फुटबॉलला पोसत असतो.

उलटा भुर्दंडही पडतो. टीव्हीच्या पैशासाठी २०२४ मध्ये गटांची फेरमांडणी झाली आणि लॉस एंजेलिसची विद्यापीठं बिग टेनमध्ये गेली. फुटबॉलचा संघ आठवड्याला एकच सामना खेळतो, त्यामुळे त्याला हंगामात थोडेच दौरे करावे लागतात. व्हॉलीबॉलच्या मुलींचे मात्र आठवड्याला बहुधा दोन सामने असतात. पार न्यू जर्सीपर्यंतचे विमानप्रवास आणि बुडणारे तास त्यांच्याच वाट्याला आले. आता जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. त्यातला मोठा वाटा फुटबॉलच्या आणि पुरुषांच्या बास्केटबॉलच्या खेळाडूंकडे जातो. तेवढा पैसा इतर खेळांसाठी कमी उरतो.

प्रश्न : कमाई मुलांच्या फुटबॉलची, मग मुलींना बरोबरीचा वाटा का? हा अन्याय नाही का?
(एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : नाही. पैसा कुणी कमावला, हे कायदा विचारतच नाही. १९७२ च्या ‘टायटल नाइन’नुसार केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येत नाही. कमाई करणारे खेळ यातून वगळा, अशी दुरुस्ती सिनेटर जॉन टॉवर यांनी १९७४ मध्ये सुचवली होती. ती टिकली नाही, आणि ते योग्यच झालं, असं आमचं स्पष्ट मत आहे. विद्यापीठ शिकवण्यासाठी असतं, आणि खेळणं हा त्या शिकण्याचाच भाग आहे. शिवाय मुलींचे खेळ कुणी बघत नाही, हा समजही खोटा ठरला आहे : ऑगस्ट २०२३ मध्ये नेब्रास्काच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना बघायला ९२,००३ माणसं आली होती.

बरोबरी म्हणजे डॉलरला डॉलर नव्हे. सहभाग, शिष्यवृत्ती आणि सोयीसुविधा या तिन्ही गोष्टी तपासल्या जातात. सहभागासाठी तीन कसोट्या आहेत आणि त्यांतली एक पार केली तरी चालते : विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात खेळाडू असणं, मुलींसाठी संघ सतत वाढवत आल्याचा इतिहास असणं, किंवा मुलींची आवड व क्षमता यांना पुरेपूर वाव मिळालेला असणं.

पहिल्या कसोटीचं गणित करून बघा. समजा, विद्यापीठात ५२ टक्के मुली आहेत आणि एकूण खेळाडू ५००. मग मुली २६० आणि मुलगे २४० हवेत. फुटबॉलच्या एका संघातच १०५ जण असतील, तर मुलांच्या बाकी सगळ्या खेळांना मिळून उरल्या १३५ जागा. इथे कुस्ती किंवा जिम्नॅस्टिक्सचा संघ बंद होतो आणि दोष मुलींवर येतो. फुटबॉलच्या १०५ जणांना मात्र कुणी हात लावत नाही.

आकडे फुगवलेही जातात. तीच धावपटू क्रॉसकंट्री, इनडोअर ॲथलेटिक्स आणि आउटडोअर ॲथलेटिक्स अशा तीन संघांत तीनदा मोजली जाते. मुलींच्या बास्केटबॉल संघाबरोबर सराव करणारे मुलगेही मुलींच्या रकान्यात धरले जातात. निदान ही तिहेरी मोजणी टाळण्यासाठी विद्यापीठांनी दरवर्षी जाहीर करायच्या क्रीडा-समता अहवालात एकूण सहभागाऐवजी ‘एका व्यक्तीची एकदाच गणना’ हा आकडा बघावा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. आमच्याकडे फुटबॉलसारखा पैसा नाही. यातलं काही आम्हाला लागू पडेल का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : वर सांगितलेली सोयीसुविधांची तपासणी जशीच्या तशी लागू पडेल, कारण तिला पैसा फारसा लागत नाही. महिनाभर प्रत्येक संघाची एक वही ठेवा : मैदान कोणत्या वेळी मिळालं, प्रशिक्षक किती तास हजर होते, चेंडू किती, टीए-डीए किती, प्रवासाचं आरक्षण होतं की नाही.

सगळ्यात आधी वेळेचा रकाना वाचा. नागपुरात एप्रिल-मेमध्ये सराव होतो तो सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. या दोन्ही वेळा मुलांच्या क्रिकेटला दिल्या आणि मुलींच्या खो-खोला दहाची वेळ दिली, तर कागदावर तास सारखे दिसतील, पण मुली सरावाला येणार नाहीत. मग ‘मुलींना आवडच नाही’ असा शेरा पडेल. सकाळची वेळ आठवड्याआड आलटूनपालटून द्या.

किटच्या खर्चाची बेरीज मात्र थेट ताडून बघू नका. हॉकीच्या गोलरक्षकाचं किट कबड्डीच्या जर्सीपेक्षा महाग असणारच, त्यात भेदभाव नाही. मुलांना नव्या जर्सी आणि मुलींना गेल्या वर्षीच्या, हा भेदभाव आहे. आणि मैदानाजवळच्या मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते, तेही वहीत लिहा. सकाळी सहाला ते कुलूपबंद असेल, तर सहाची वेळ देऊनही ती दिलेली नाही.