पावसाआधी ट्रॅक्टरचा बॅकहो उतरवताना : बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आंबा-काजूचे खड्डे मारून झाले की मे अखेरीस सगळीकडे एकच धांदल उडते. मृग तोंडावर आलेला असतो, तरवा पेरायचा असतो, चिखलणीसाठी रोटाव्हेटर लावायचा असतो, आणि ट्रॅक्टरच्या मागे बॅकहो (खड्डे खणायचा यांत्रिक हात) तसाच असतो. तो कसा उतरवायचा, पावसाळाभर कुठे आणि कसा ठेवायचा, याबद्दल कोकणातल्या बऱ्याच बागायतदारांनी विचारले आहे. काहींना गेल्या हंगामात त्रासही झाला आहे. सगळ्यांचे प्रश्न एकत्र घेऊन उत्तर देतो. हे सगळे छोट्या ट्रॅक्टरला मागून जोडायच्या बॅकहोबद्दल आहे, म्हणजे ज्याचे वजन काहीशे किलो असते आणि जो उतरवून ट्रॅक्टर मोकळा करता येतो.

"उतरवायचा योग्य क्रम कोणता?"

क्रम सांगतो, पण त्याआधी जागा ठरवा. बॅकहो एकदा ट्रॅक्टरपासून सुटला की त्याला स्वतःची ताकद उरत नाही. पंप ट्रॅक्टरवर चालतो, म्हणून ट्रॅक्टर गेला की तो जिथे टेकला तिथेच पावसाळा काढणार. दिवाळीनंतर पुन्हा जोडायचा तोही त्याच जागेवर. म्हणून नुसते "इथे उतरवता येईल का" एवढेच पाहू नका. "इथे ट्रॅक्टर सरळ रेषेत मागे आणता येईल का" हेही पाहा. मांगराच्या (बागेतल्या शेडच्या) आत सिमेंटचा कोबा असेल तर उत्तम. खळ्यात ठेवायचा असेल तर जमीन सपाट हवी, पागोळ्यांचे पाणी तिथे येता कामा नये आणि मागे ट्रॅक्टर फिरवायला जागा हवी. सारवलेले खळे मे महिन्यात दगडासारखे कडक वाटते, पण जुलैत तेच मऊ पडते. त्यात जॅकचा (बॅकहोच्या दोन्ही बाजूंच्या टेकूचा) पाय रुतला की अख्खा सांगाडा कलतो. मातीवरच ठेवणे भाग असेल तर दोन्ही जॅकखाली आणि बकेटखाली रुंद, जाड फळ्या घाला. जांभ्याचा चिरा घालू नका, भाराखाली तो फुटतो.

जागा ठरली की ट्रॅक्टर तिथे सरळ उभा करा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना ओंडके लावा. बूम (बकेट धरणारा लांब हात) मधोमध आणा आणि डावी-उजवी फिरू नये म्हणून असलेली पिन घाला. दोन्ही जॅक खाली सोडा. बूम थोडी बाहेर काढून बकेट जमिनीवर पालथी, सपाट टेकवा. आता दोन जॅक आणि एक बकेट अशा तीन ठिकाणी बॅकहो चुलीच्या तीन दगडांसारखा बसतो. उतरवल्यावर तो उभा राहतो तो याच तिन्हींवर, म्हणून पुढचे काही करण्याआधी तिन्ही नीट टेकले आहेत याची खात्री करा. बूम आत गोळा करून ठेवली तर तोल एका बाजूला जातो.

यानंतर इंजिन अगदी मंद ठेवून जॅक हळूच दाबा, म्हणजे बॅकहो ज्यावर बसतो त्या ट्रॅक्टरखालच्या फ्रेमवरचा भार हलका होईल. भार उतरला की फ्रेमच्या पिना हाताने निघतात. पिन घट्ट बसली असेल तर घणाचे घाव घालू नका. भार अजून उतरलेला नाही असा त्याचा अर्थ आहे. लिव्हर केसभर पुढेमागे करून पुन्हा बघा. पिना काढण्यासाठी खाली उतराल तेव्हा इंजिन बंद करूनच उतरा. पिना निघाल्यावर जॅक आणि बूमच्या मदतीने बॅकहोचे आकडे (हुक) फ्रेममधून मोकळे करा, तेही सीटवर बसूनच आणि तसूतसूने.

इथे सर्वांत महत्त्वाची सूचना. पिना निघाल्यापासून ट्रॅक्टर पुढे निघून जाईपर्यंत, इंजिन चालू असताना ट्रॅक्टर आणि बॅकहो यांच्यामध्ये कोणीही उभे राहायचे नाही. जमिनीवर उभे राहून लिव्हर ओढायचा नाही. घरातले मूल "मी बघतो" म्हणून जवळ आले तर काम थांबवा. पिना काढलेल्या अवस्थेत बूम फिरवायची नाही, एक बकेट मातीसुद्धा उचलायची नाही. त्या वेळी बॅकहोला धरून ठेवणारे काही नसते आणि एवढे वजन कलंडले तर माणसाला सावरायला वेळ मिळत नाही.

आकडे सुटले की इंजिन बंद करा आणि सगळे लिव्हर दोन-तीनदा सगळ्या दिशांना हलवा. पाईपमध्ये अडकलेला दाब त्याने निघून जातो. ही पायरी घाईत सुटते आणि त्याचा त्रास पुढच्या हंगामात होतो, ते खाली सांगतो. मग पाईप सोडवा. पीटीओवर (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या शाफ्टवर) बसणारा पंप असेल तर त्याची अडवणीची साखळी काढून पंप शाफ्टवरून ओढून घ्या आणि बॅकहोवरच्या त्याच्या जागी टांगून ठेवा, जमिनीवर टाकू नका. पीटीओच्या शाफ्टवर झाकण लगेच बसवा. मगच ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये सरळ पुढे घ्या. हातभर गेला की थांबून मागे बघा, एखादा पाईप अडकला आहे का.

"बॅकहो काढल्यावर ट्रॅक्टरचे हायड्रोलिक किंचाळते, तेल तापते. पंप गेला का?"

बहुधा पंप गेलेला नाही, पण असेच चालवत राहिलात तर जाईल.

बॅकहो दोन प्रकारांनी चालतात. काहींना स्वतःची तेलाची टाकी आणि पीटीओवरचा पंप असतो. काही मात्र ट्रॅक्टरच्याच हायड्रोलिक तेलावर चालतात. दुसऱ्या प्रकारात ट्रॅक्टरचे तेल एका पाईपने बॅकहोच्या व्हॉल्व्हमध्ये जाते आणि दुसऱ्या पाईपने परत येते. छोट्या ट्रॅक्टरमध्ये हे तेल बहुधा इंजिन चालू असेपर्यंत सतत फिरत असते. बॅकहो काढला आणि ट्रॅक्टरकडचे दोन्ही पाईप तसेच सोडले, तर कपलर (पाईपच्या टोकाच्या जोडण्या) आपोआप बंद होतात आणि फिरणाऱ्या तेलाची वाट अडते. पंप तेल ढकलत राहतो, दाब वाढतो आणि जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल कसेबसे सुटते. किंचाळण्याचा आवाज येतो तो त्याचाच. काही मिनिटांत तेल तापते आणि सील खराब होऊ लागतात.

उपाय सोपा आहे. ट्रॅक्टरकडचा जाणारा पाईप आणि परतीचा पाईप एकमेकांना जोडून टाका. म्हणूनच बऱ्याच बॅकहोत एका पाईपला नर आणि दुसऱ्याला मादी कपलर दिलेला असतो. जोडणी इंजिन बंद असताना करा आणि कपलर 'टक' आवाजाने पूर्ण बसला आहे का ते ओढून पाहा. अर्धवट बसलेला कपलर न बसल्यासारखाच. स्वतंत्र टाकी आणि पीटीओ पंप असलेल्यांना हा प्रश्न येत नाही.

"दिवाळीनंतर जोडायला गेलो तर कपलर बसतच नाही."

पाईप सोडवताना आत दाब राहिला होता, किंवा बॅकहो उन्हात राहिला. बंद पाईपमधले तेल ऊन लागून फुगते, त्याला जायला वाट नसते आणि कपलरचे तोंड आतून घट्ट दाबले जाते. कपलरचे टोक हातोडीने ठोकून तेल काढणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नका. ज्या दाबाचे तेल आपण सोडायला जातो, ते सुईच्या टोकाएवढ्या फटीतून कातडी भेदून आत शिरू शकते. जखम बारीक दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत गेलेले तेल मांस सडवते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे कोणाला झालेच तर हळद लावून घरी थांबू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्या आणि "दाबाचे तेल आत शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पाईप कुठे गळतो हे शोधतानाही हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

कपलर अडलाच असेल तर बॅकहोवर सावली करा, तेल थंड होऊ द्या आणि बॅकहोचे लिव्हर सगळ्या दिशांना हलवून बघा. बरेचदा एवढ्याने काम होते. नाही झाले तर मेकॅनिकला बोलवा. पुढच्या वेळी बॅकहोकडचे दोन्ही पाईपही एकमेकांना जोडून ठेवा. आत धूळ-पाणी जात नाही आणि एकाच पाईपमध्ये दाब कोंडत नाही.

"आमची बाग खाडीजवळ आहे. चार महिन्यांत सगळे गंजते."

खाऱ्या वाऱ्यात हे होतेच, पण गंज सगळीकडे सारखा घातक नसतो. बकेटचा रंग उडाला तर फार बिघडत नाही. सिलिंडरचा चकचकीत दांडा मात्र जिवापाड जपा. त्यावर गंजाचा एक खड्डा पडला की दांडा आत-बाहेर होताना दर वेळी सील कापतो आणि गळती सुरू होते. सील बदलून भागत नाही, नवे सीलही तसेच कापले जाते.

म्हणून बॅकहो उभा करताना शक्य तेवढे दांडे सिलिंडरच्या आत जातील असे ठेवा. तीन ठिकाणी टेकवायचे म्हणजे काही दांडे बाहेर राहणारच. ते आधी कापडाने कोरडे पुसा आणि ग्रीसचा जाड थर द्या. ऑक्टोबरमध्ये यंत्र चालवण्याआधी हे ग्रीस पुसून काढायला विसरू नका, त्याला चिकटलेली रेती सीलमध्ये ओढली जाते.

ग्रीस देण्याआधी यंत्र धुवा. जांभ्याची लाल माती पिनांच्या सांध्यात बसली की ओल धरून राहते. जोराच्या पाण्याचा फवारा सिलिंडरच्या तोंडावर आणि सांध्यांवर थेट मारू नका. धुऊन, एक दिवस कडक उन्हात वाळवून, मग प्रत्येक निप्पलला जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस मारा. ही कामे ट्रॅक्टर जोडलेला असतानाच उरका, कारण बूम हलवता आली तर ग्रीस बुशात (पिनेभोवतीच्या नळीत) सगळीकडे पसरते.

त्याच वेळी बकेटचे दात आणि पिना बघून घ्या. मातीत वर्षानुवर्षे टिकणारे दात जांभ्यात लवकर झिजतात. बकेट हाताने हलवून पिनेत ढिलेपणा जाणवला तर बुश आताच बदला. जानेवारीत खड्ड्यांची कामे सुरू झाली की मिस्त्री मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि छोट्या बॅकहोने अखंड कातळ फोडायचा प्रयत्न करू नका. माती आणि सुटा जांभा एवढेच त्याचे काम आहे.

स्वतंत्र टाकी असेल तर तेल खुणेपर्यंत भरून ठेवा. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या हवेतली ओल आतल्या पत्र्यावर धरते आणि तेलात उतरते. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी मिसळले आहे, ते बदलल्याशिवाय यंत्र चालवू नका. भर घालताना कोणते तेल आहे ते पुस्तिकेत पाहा. ट्रॅक्टरच्या तेलावर चालणाऱ्या बॅकहोत बाजारातले साधे ६८ नंबरचे हायड्रोलिक तेल घालू नका, कारण तेच तेल पुढे ट्रॅक्टरच्या गिअरमध्ये आणि ब्रेकमध्ये जाते.

झाकायला ताडपत्री चालेल, पण ती जमिनीपर्यंत आवळून बांधू नका. आत वाफ धरते. वरून झाकून खालून हवा खेळती ठेवा. मांगरात भात किंवा पेंढा असेल तर बॅकहो त्यापासून दूर ठेवा, पेंढ्यामुळे उंदीर येतात आणि पाईप कुरतडतात.

"बॅकहो खाली बसतो, पुढच्या वेळी आकड्यांची उंची जुळत नाही."

जॅक तेलाच्या जोरावर उभे असतात. व्हॉल्व्हमधून थोडे थोडे तेल झिरपते आणि काही महिन्यांत सांगाडा बोटभर, कधी वीतभर खाली येतो. यासाठी ट्रॅक्टर पुढे नेल्यावर लगेच, बॅकहोच्या मुख्य सांगाड्याखाली दोन्ही बाजूंनी मजबूत लाकडी ओंडके अगदी भिडवून बसवा. जॅक खचले तरी वजन ओंडक्यांवर येईल. ओंडके सारताना हात सांगाड्याखाली घालू नका, काठीने ढकला.

जोडताना ट्रॅक्टर मागे आणून आधी पाईप किंवा पंप जोडा, मग बॅकहोच्याच लिव्हरने उंची जुळवा आणि तसूतसूने मागे या. ट्रॅक्टर मागे येत असताना बाजूला उभे राहून खुणा करणारा माणूस तुम्हाला दिसत राहील एवढा लांब उभा हवा. पिना आणि त्यांची कडी बसवल्यावर फ्रेमचे सगळे बोल्ट आवळा, आणि पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर पुन्हा एकदा.

"फ्रेमचा खर्च वाचवायला वेल्डरकडून थ्री-पॉइंटवर बसेल असा करून घेतला तर?"

माझे मत स्पष्ट आहे : करू नका. थ्री-पॉइंटचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायच्या तीन टोकांच्या जोडणीचे, आर्म अवजार ओढण्यासाठी आणि उचलण्यासाठी असतात. खणताना बॅकहो जो वर ढकलण्याचा आणि पिरगाळण्याचा जोर लावतो, तो त्यांना पेलत नाही. आर्म वरच्या दिशेने मोकळे असतात, त्यामुळे बकेट खाली दाबली की अख्खा बॅकहो चालवणाऱ्यासकट ट्रॅक्टरच्या दिशेने उचलला जाऊ शकतो. शिवाय ट्रॅक्टरच्या मागच्या घराला (गिअर-एक्सलच्या हाउसिंगला) तडा जाण्याची भीती असते. पोटाखालून जाणारी फ्रेम तोच जोर ट्रॅक्टरच्या पुढच्या भागापर्यंत वाटून देते. तेवढ्यासाठीच ती असते.

फ्रेम पावसाळ्यात काढायची का, असेही एकाने विचारले. चिखलणी करणार असाल तर काढा. ती ट्रॅक्टरची जमिनीपासूनची उंची कमी करते आणि तिच्यात चिखल भरून राहतो. नुसती वाहतूक करणार असाल तर राहू दे, बोल्ट तेवढे तपासा.

आणि पुढे लोडर (माती-खत उचलायची बकेट) असलेल्यांसाठी : मागचे काहीशे किलो वजन निघून गेले आहे. लोडरमध्ये शेणखत भरून उतारावर गेलात तर मागची चाके हलकी पडतील आणि ब्रेक धरणार नाहीत, कारण बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. मागे वजनाच्या चकत्या लावा, टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरून घ्या, किंवा रोटाव्हेटर तरी जोडलेला ठेवा.