प्रचार बंद ठेवला म्हणजे काम सुरू झालं असं असतं का?

प्रश्न: परवा जेवताना आमच्या घरी जाम वाजलं. मी म्हटलं, देशाचं दिवाळं निघायची वेळ आलीय तर नेत्यांनी सभा, हारतुरे, स्पीकर सगळं गुंडाळावं आणि गप कामाला लागावं. तर पोरगा म्हणतो, बाबा, २००८ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅकेननी हेच केलं आणि तोंडावर आपटले. नक्की काय झालं होतं? आणि माझं चुकलं कुठे?
– एक वाचक, पनवेल

उत्तर: काका, तुमचं म्हणणं मनाला पटतं हो, पण मॅकेनच्या बाबतीत झालं ते हात दाखवून अवलक्षण.

१५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही तिथली बडी बँक बुडाली आणि त्याच दिवशी मॅकेन सभेत बोलून बसले की आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे. झालं, समोरचे उमेदवार ओबामा, त्यांच्या लोकांनी ते वाक्य धरूनच ठेवलं. मग २४ तारखेला मॅकेननी जाहीर केलं की प्रचार स्थगित, मी वॉशिंग्टनला निघालो, शुक्रवारची ओबामांसोबतची टीव्ही डिबेट पण पुढे ढकला. ओबामांचं उत्तर साधं होतं, राष्ट्राध्यक्षाला एकावेळी एकापेक्षा जास्त कामं जमली पाहिजेत.

खरी गंमत त्या संध्याकाळची. लेटरमन या विनोदी सूत्रसंचालकाच्या टीव्ही शोला मॅकेन येतो म्हणाले होते, ते त्यांनी तातडीने वॉशिंग्टनला जायचंय सांगून कॅन्सल केलं, आणि लेटरमनला शूटिंगच्या मधेच कळलं की साहेब न्यूयॉर्कमध्येच आहेत, दुसऱ्या मुलाखतीसाठी मेकअप करून घेतायत! त्याने ते सरळ स्क्रीनवर दाखवलं आणि विचारलं, एअरपोर्टला सोडायला येऊ का? आता सांगा, असल्यावर लोक काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मॅकेन आणि ओबामा दोघांनाही व्हाइट हाऊसला बोलावलं, त्या मीटिंगमध्ये नुसता गोंधळ, आणि ज्यांनी एवढा गाजावाजा केला ते मॅकेनच फारसं बोलले नाहीत. शुक्रवारी डिबेट झालीच, तेही आले. २९ तारखेला बँकांना वाचवायचं ७०० अब्ज डॉलरचं पॅकेज कनिष्ठ सभागृहात २२८ विरुद्ध २०५ ने पडलं, डाऊ (तिथला शेअर बाजाराचा निर्देशांक) एका दिवसात ७७७ पॉइंट घसरला, आणि विरोधात मतं टाकणारे जास्त मॅकेनच्याच पक्षाचे! पुढे १ ऑक्टोबरला सिनेटमध्ये दोघांनीही बाजूने मत दिलं, ३ तारखेला कायदा झाला. म्हणजे प्रचार थांबवून हाती काय लागलं?

माझं म्हणणं एवढंच की प्रचार थांबवतोय असं कॅमेऱ्यासमोर सांगणं हाही प्रचारच. आणि उद्या आपले पैसे ज्याच्या हातात जाणार तो आत्ता काय करायचं म्हणतोय ते ऐकायला संकटाच्या वेळीच तर सभा आणि डिबेट हव्यात ना? हारतुरे आणि डीजे बंद करा, त्याला माझा फुल पाठिंबा (आमच्या गल्लीत तर कायमचेच करा).

आपल्याकडचं १९९१ आठवा. तिजोरीत परकीय चलनाचा ठणठणाट आणि त्यात लोकसभा निवडणूक. अर्थमंत्री यशवंत सिन्हा स्वतः पाटण्यात उभे होते. स्मगलरांकडून जप्त केलेलं २० टन सोनं परदेशात विकून डॉलर आणायचे होते, तर ती फाईल घेऊन अधिकारी पाटण्याला गेला आणि तिथेच सही झाली, हे सिन्हांनीच नंतर सांगितलंय. म्हणजे प्रचार चालू असतानाही काम होतं.

मुलाला मात्र सांगा, मॅकेन काही फक्त या एका नाटकामुळे हरले नाहीत. ते बुश यांच्या पक्षाचे होते आणि लोक बुशना पार कंटाळले होते.