रोबोकॉपच्या गेममधला हिरो इतका संथ का? पुढे खेळावं का?

तुम्ही लिहिलंय की 'रोबोकॉप: रोग सिटी' सुरू केलाय, पण हिरोला उडी मारता येत नाही, खाली वाकता येत नाही, पळायला लावलं तरी जड पावलांनीच जातो. वेगवान शूटर, म्हणजे गोळीबाराचे गेम, खेळायची सवय असल्यामुळे दोन तासांत कंटाळा आला. तर पुढे खेळावं का, आणि मूळ चित्रपट पाहिलेला नाही तो आधी पाहावा का?

पुढे नक्की खेळा. फक्त आत्ता खेळताय त्या पद्धतीने नको.

बाकीच्या शूटरनी आपल्या बोटांना एक सवय लावलेली असते: आडोसा शोधायचा, डोकं बाहेर काढायचं, दोन गोळ्या झाडायच्या, परत लपायचं. इथे तसं खेळलात तर कंटाळा येणारच, कारण हा गेम लपण्यासाठी बनवलेलाच नाही. रोबोकॉप हा अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेला पोलिस. तो दारातून आत येतो, खोलीच्या मधोमध उभा राहतो आणि समोरच्या गुंडांच्या गोळ्या चिलखतावर झेलत एकेकाला टिपतो. पळापळ त्यांनी करायची, आपण नाही. एखाद्या मारामारीत मुद्दाम आडोसा सोडून सरळ पुढे चालत जा. सामान्य अडचणपातळीवर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त मार तो सोसतो. ते एकदा अंगवळणी पडलं की हाच संथपणा जरब वाटायला लागतो, आणि मला हा गेम आवडतो तो नेमका त्यासाठीच.

हा संथपणा गेमवाल्यांनी स्वतःच्या मनाने आणलेला नाही, तो 1987च्या चित्रपटातून आलाय. पॉल व्हर्होवेन दिग्दर्शक, पीटर वेलर मुख्य भूमिकेत आणि पोशाख रॉब बॉटिन यांचा. वेलर यांनी मूकाभिनयाचे शिक्षक मोनी याकिम यांच्याकडे हालचालींचा सराव केला होता. पण पोशाख चित्रीकरणाच्या वेळी उशिरा हातात पडला आणि तो इतका अवजड निघाला की बसवलेल्या हालचाली बदलून आणखी संथ कराव्या लागल्या. आधी मान वळते, मग खांदे वळतात, मग उरलेलं शरीर. त्या चालण्यात यंत्र दिसतं आणि आत अडकलेला माणूसही दिसतो. टेयॉन या पोलिश स्टुडिओने ते वजन कंट्रोलरपर्यंत पोहोचवलंय. पावलांचा धातूचा आवाज हेडफोन लावून ऐका. आवाजही खुद्द वेलर यांचाच आहे. गेम नोव्हेंबर 2023मध्ये आला तेव्हा ते 76 वर्षांचे होते, आणि तरी त्या सपाट, थंड स्वरात काही कमी पडलेलं नाही.

आता प्रत्यक्ष खेळण्याबद्दल. ऑटो-9 हे त्याचं स्वतःचं पिस्तूल कधीच सोडू नका. त्याच्या गोळ्या संपत नाहीत, मॅगझिन तेवढं बदलावं लागतं. पडलेल्या रायफली, शॉटगन गरजेपुरत्या उचला आणि टाकून द्या. नेम डोक्यावर धरायचा. धूर किंवा अंधार असेल तर हिरवी दृष्टी चालू करा, शत्रूंच्या कडा उठून दिसतात. आणि हातांचा वापर करा, तो बरेच जण विसरतात! जवळ आलेल्या गुंडाला उचलून भिंतीवर फेकता येतं. खुर्ची, मॉनिटर, अगदी मोटरसायकलसुद्धा भिरकावता येते. काही भिंती फोडून आत शिरता येतं. आत पाऊल पडताच वेळ क्षणभर मंदावते आणि ओलिसाला धक्का न लावता एकेकाला टिपायला सवड मिळते. मला अख्ख्या गेममध्ये सगळ्यात जास्त मजा या जागी येते.

स्किल पॉइंट (क्षमता वाढवायचे गुण) मिळाले की आधी आर्मर (चिलखत) आणि व्हायटॅलिटी (जीवनशक्ती) यांवर थोडे घाला, म्हणजे उघड्यावर उभं राहायचा धीर येईल. पुढच्या पायऱ्यांवर वेळ मंदावणं, झटक्यात पुढे झेपावणं, गोळ्या परतवणं अशा क्षमता उघडतात. संथपणाची तुमची तक्रार तिथे बरीचशी आपोआप मिटेल. पिस्तुलात बसवायचे सर्किट बोर्ड मिळतात, त्यांच्यावर चिप जोडून मारा वाढवता येतो. ते कोडं मन लावून सोडवा, कारण नीट जोडलेल्या बोर्डाने पिस्तूल ओळखू येणार नाही इतकं बदलतं.

पण दोन तासांत तुमच्या हाती फक्त गोळीबार आला असेल, तर गेमचा अर्धा भाग तुम्ही अजून पाहिलेलाच नाही. सुरुवातीच्या टीव्ही केंद्रावरच्या ओलिसनाट्यानंतर तुम्ही डेट्रॉइटच्या रस्त्यांवर गस्त घालता, आणि मग हा पोलिसाच्या नोकरीचा गेम होतो. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला दंडाची पावती फाडायची. पोलिस ठाण्यात दर्शनी टेबलामागे बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. गुन्ह्याच्या जागी पुरावे स्कॅन करायचे. भिंतीवर रंग फासणाऱ्या पोराला दंड करायचा की समज देऊन सोडायचं, हे तुम्ही ठरवायचं. कायद्यावर बोट ठेवलं तर एक गोष्ट साधते, लोकांचा विश्वास राखला तर दुसरी. 'जनतेच्या विश्वासाला पात्र राहा, निरपराधांना वाचवा, कायदा पाळा' हे चित्रपटातले तीन आदेश तिथे नुसते ऐकायचे राहत नाहीत, त्यांच्यात निवड करावी लागते.

शिवाय हा रोबोकॉप मुळात अ‍ॅलेक्स मर्फी आहे. कर्तव्यावर असताना गुंडांनी मारलेला पोलिस, ज्याच्या देहापासून ओसीपी या कंपनीने आपली मालमत्ता म्हणून हे यंत्र बनवलं. गेममध्ये त्याला जुन्या आयुष्यातल्या माणसांचे भास होऊ लागतात. कंपनीला वाटतं यंत्र बिघडलं, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला चिप बसवली जाते. मानसतज्ज्ञ त्याला प्रश्न विचारतात तेव्हा 'मी माणूस आहे' म्हणायचं की 'मी यंत्र आहे', हे तुमच्या हातात असतं. या संभाषणांवरून घाईघाईने पुढे जाऊ नका. गोळीबाराइतकाच जीव मी या उत्तरांत घालते, आणि शेवटी कोणाचं काय झालं यात तुमचे काही निर्णय दिसतातही.

उणिवा आहेत. पात्रांचे चेहरे लाकडी वाटतात, शत्रूंना डोकं कमी दिलंय, आणि उत्तरार्धात पिस्तूल इतकं ताकदवान होतं की बाकीच्या हत्यारांकडे ढुंकूनही बघावंसं वाटत नाही. ईडी-209 या अजस्र यंत्राशी होणाऱ्या लढतीत मात्र सरळ चालत जायचा माझा सल्ला विसरा, तिथे खांबांच्या आडच राहा.

चित्रपट आधी पाहा, हो. पहिला तर पाहाच, तो स्वतंत्रपणेही फार थोर आहे. चांगलाच रक्तरंजित आहे, एवढं मनाशी धरून बसा. गेमची कथा दुसऱ्या (1990) आणि तिसऱ्या (1993) चित्रपटाच्या मधल्या काळात घडते, त्यामुळे दुसराही पाहिलात तर न्यूक या अमली पदार्थाचा धागा सोपा जाईल. तिसऱ्याची गरज नाही.

एक बाजूची गोष्ट, पण मला महत्त्वाची वाटते. चित्रपटांवरचे गेम बहुतेकदा फसतात, कारण ते चित्रपटाच्या तारखेला बांधलेले असतात. 1982चा अटारीचा 'ई.टी.' नाताळ गाठायला जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला होता, तो कसा निघाला हे जगजाहीर आहे. रोग सिटी मूळ चित्रपटानंतर 36 वर्षांनी आला, कुठल्याही प्रदर्शनाची घाई नसताना. याच स्टुडिओने 2019मध्ये 'टर्मिनेटर: रेझिस्टन्स' केला होता आणि तिथेही चित्रपटाबद्दलचं प्रेम दिसतंच. रोबोकॉप आवडला तर पुढे तो घ्या. 2025मध्ये आलेला 'अनफिनिश्ड बिझनेस' हा रोबोकॉपचाच स्वतंत्र पुढचा भागही आहे, पण त्यात गस्त कमी आणि गोळीबार जास्त, म्हणून तो मुख्य गेम संपवल्यावरच.