भुऱ्या लांब गेला नसेल

प्रिय 'देवरुखची लेक',

पत्रांना मी एरवी पंधरा दिवसांनी उत्तर देते. तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि झोप लागेना, म्हणून आज उठल्याबरोबर हेच लिहायला घेतलं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. देवरुखजवळच्या एका वाडीतलं घर. वडील फाल्गुनात गेले. त्यांनी वाढवलेला तीन वर्षांचा बोका, भुऱ्या, दिवसभर मोकळा फिरायचा, पण दिवेलागणीला ताटली वाजली की हजर. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. तो नैवेद्याच्या पानाशी आला म्हणून हिने त्याला केरसुणीने हाकललं, आणि त्या संध्याकाळपासून भुऱ्या दिसलेला नाही. नऊ दिवस झाले. आई पानावर बसते आणि दोन घास खाऊन उठते. भाऊ म्हणतो, बाहेर फिरणारं मांजर, त्याच्यासाठी गावभर हिंडणं शोभतं का? त्यापेक्षा आईला सांगूया की खालच्या वाडीत कुणीतरी पाहिला, मजेत आहे. हिचा प्रश्न असा की शोधत राहू, की आईची समजूत काढू?

शोध. आणि आईला बरोबर घेऊन शोध.

आधी त्या केरसुणीचं बोलू. 'माझ्यामुळे गेला' हे तू तीनदा लिहिलंयस. अगं, केरसुणीला घाबरून मांजर घर सोडत नाही. जवळच्या आडोशाला शिरतं, घटकाभर रुसतं, भूक लागली की पुन्हा पायांत घोटाळतं. तीन वर्षांत चुलीपाशी तो कितीदा ओरडा खाऊन गेला असेल, आठव. नसबंदी न केलेला बोका आहे, तेव्हा मादीच्या मागे चार-आठ दिवस भटकून कान फाटून परत येणं अगदीच शक्य आहे. पण तो एका रात्रीपेक्षा जास्त कधी बाहेर राहिला नाही, हेही तूच लिहिलंस.

आणि पत्रात जाता जाता आलेल्या एका ओळीपाशी मी थांबले. 'त्याच संध्याकाळी विसर्जन झालं आणि शेजारची तिन्ही घरं कुलपं लावून रात्रीच मुंबईला गेली.'

चाकरमान्यांची घरं वर्षभर बंद असतात आणि सणाला गजबजतात. सगळीकडे उघडी दारं, सगळीकडे स्वयंपाकाचा वास. बिथरलेला बोका अशा घरात शिरून माळ्यावर पेंढ्यात किंवा गोधड्यांच्या बोचक्यामागे निजला, खाली बॅगा भरल्या आणि कुलूप लागलं, तर कुणाला कळणार? नऊ दिवस म्हणजे संपलं असं समजू नकोस. भाद्रपदात कौलातून पाणी ठिबकतं, न्हाणीत बादली भरलेली राहते, माळ्यावर उंदीर असतात. मांजर तग धरतं. पण आता एक दिवसही घालवू नकोस. तिन्ही घरांना आजच फोन कर, किल्ली कुणाकडे आहे ते विचार. किल्ली मुंबईला गेली असेल तर त्यांच्या परवानगीने दोन कौलं सरकवून आत बॅटरी मारता येते. गोठा, लाकडांची खोप, गणपतीचं सामान ठेवलेली खोली, सगळं उघडून बघ. त्यांच्या गाडीचंही विचार. निघताना टपावर किंवा डिकीत काय भरलं आणि पहिल्यांदा कुठे थांबले, हे त्यांना अजून आठवत असेल.

जवळच शोध असं मी का म्हणते? २०१८ साली परदेशात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, १,२१० हरवलेल्या मांजरांचा. सापडलेल्या दर चार मांजरांपैकी तीन जिथून गेली तिथून ५०० मीटरच्या आतच मिळाली. मोकळी फिरणारी मांजरं घरातल्या मांजरांपेक्षा लांब जातात हे खरं, तरी आधी हाताशी आहे ते घे. नुसती वाट बघण्यापेक्षा स्वतः कानाकोपरा धुंडाळणाऱ्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता जास्त, असंही त्यात दिसलं.

'हाका मारून घसा बसला, म्यावसुद्धा नाही' असं तू लिहितेस. घाबरलेलं किंवा दुखावलेलं मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. गप्प पडून राहतं, त्याचा जीव त्या गप्प राहण्यातच असतो. आमची ठमी हरवली तेव्हा मी शेजारच्या खोपीवरून दिवसा तीन वेळा हाका मारत गेले होते. चौथ्या रात्री बॅटरी डोळ्यांजवळ धरून लाकडांच्या फटीत वाकले, तर आत दोन हिरवे ठिपके चमकले. पायाला लागलं होतं. मी हात घातला तेव्हा कुठे ती ओरडली. तीन दिवस ती माझी हाक ऐकत होती.

म्हणून रात्री अकरानंतर नाहीतर पहाटे चारला, वाडी निजलेली असताना निघा. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धर, म्हणजे मांजराच्या डोळ्यांतून परतलेला उजेड तुला दिसेल. उभ्याने बघू नकोस, वाक. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं नुसती बसून राहा. पायात बूट आणि हातात काठी हवीच, या दिवसांत गवतात फुरसं असतं. विहिरी मात्र भर दुपारी बघ, ऊन थेट पाण्यावर पडतं तेव्हा. आणि रानडुकरांसाठी कुणी फासकी लावलीत का, हे भावाला विचारायला लाव. बायकांना ते कुणी सांगणार नाही.

संध्याकाळी पडवीत सुके बोंबील भाज. दार किलकिलं ठेव आणि भुऱ्या निजायचा ते गोणपाट बाहेर टाक. मग ताटली. ती तू वाजवू नकोस, आईला वाजवू दे. तुझ्या वडिलांनंतर सहा महिने तीच वाजवत होती ना? त्याच्या कानाला तिचा हात ओळखीचा आहे.

भावाला सांग, खोटं बोलू नकोस. मजेत असलेला भुऱ्या बघायला आई दुसऱ्याच दिवशी खालच्या वाडीत जाईल, मग काय करणार? वडिलांच्या आजारपणातही 'बरे होतील' म्हणत तुम्ही तिला शेवटपर्यंत खरं सांगितलं नव्हतं, हे तूच लिहिलंयस. तेच पुन्हा नको. तिला म्हण, 'आई, कुठे आहे माहीत नाही, शोधतोय, चल.' बिबट्याची भीती तिच्या मनात असणारच. तुमच्याकडे ती खरीच आहे. तो विषय तिने काढला तर टाळू नकोस, ऐकून घे. कुणी म्हणेल, मरणाची वेळ आली की मांजर आपणहून निघून जातं. आजारी मांजर लपतं एवढंच त्यात खरं आहे, आणि लपलेलं मांजर शोधावं लागतं.

सापडला की आनंदाने वाटीभर दूध पुढे ठेवू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचं लिव्हर बिघडतं. आधी पाणी, मग उकडलेल्या मासळीचे चार घास, थोड्या वेळाने पुन्हा चार, आणि त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडे. दुखलं असेल तर घरचा बोकाही चावतो, तेव्हा जाड कापडात गुंडाळूनच उचल. चावलाच तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धू आणि रेबीजचं इंजेक्शन घे. अंगावर मांस धरलं की त्याची नसबंदी करून टाका.

नाही सापडला तर? त्याच अभ्यासात नव्वद दिवसांनंतर जिवंत मिळालेली मांजरं फार थोडी होती. म्हणून तुलसीविवाह होऊन जाईपर्यंत तरी ताटली रोज वाजू दे. त्यानंतर काय करायचं ते आई ठरवेल. तोवर तिने रडून घेतलं तर घेऊ दे. ते रडणं एका बोक्यापुरतंच असेल असं मला वाटत नाही.

आणि हो, त्या तीन घरांच्या किल्ल्या. वाडीत कुणाची किल्ली कुणाच्या फडताळात असते हे मुंबईला फोन लावण्याआधी आईला विचार.

तुझी,
मावशी