लंबक, नंदीध्वज आणि चंद्र: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरी लंबक करून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे जी (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, मीटर प्रति सेकंद वर्गात), मोजलं. मागावरचं सूत ९६ सेंमी, त्याखाली १ सेंमीची कडी आणि ४ सेंमी व्यासाचा पितळी गोळा. २० झोक्यांना ४०.० सेकंद लागले. उत्तर ९.४८ आलं, पुस्तकात ९.८१ आहे. चूक कुठे झाली?
– बारावीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर: वेळ छान मोजली आहे, चुकली ती लांबी. लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. तुम्ही नुसतं सूत धरलं. कडीचा १ आणि त्रिज्येचे २ सेंमी मिळवले की ९९ सेंमी होतात. आता ३९.४८ (म्हणजे ४ गुणिले पायचा वर्ग) गुणिले ०.९९, भागिले दोलनकालाचा (एका पूर्ण ये-जा झोक्याला लागणारा वेळ, इथे २ सेकंद) वर्ग ४: उत्तर ९.७७.

आणि ९.८१ च्या मागे लागू नका. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगीर आहे, शिवाय स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ध्रुवावर जी ९.८३ तर विषुववृत्तावर ९.७८ असतो. सोलापूरचा ९.७८ च आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे खरं, पण त्याने फरक पडतो तो तिसऱ्या दशांश स्थळी.

आता खरी गंमत: ९.७८ आणि ९.८१ मधला फरक तुमच्या लंबकाला दिसेल का? तो जेमतेम ०.३ टक्के आहे. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तर २० झोक्यांत जी १ टक्क्याने चुकतो. १०० झोके मोजलेत तर तीच चूक ०.२ टक्क्यांवर येते. म्हणून १०० मोजाच. गोळा मधून जाताना सर्वांत वेगात असतो, तेव्हा मागे भिंतीवर खूण करून तिथेच वेळ सुरू करा आणि तिथेच थांबवा. त्या क्षणी मनात ‘शून्य’ म्हणा. पुष्कळ जण ‘एक’ म्हणून सुरुवात करतात. मग २० म्हणेपर्यंत झोके १९च झालेले असतात आणि जी १०.८ येतो.

झोका लहान ठेवा. गोळा ८-९ सेंमीच बाजूला घेतला की कोन ५ अंशांच्या आसपास राहतो. १० अंशांनीही जी ०.४ टक्के कमी येतो, म्हणजे जो फरक शोधायचा तोच बुडतो. ४५ अंशांना तर साडेसात टक्के कमी. सुताचीही काळजी घ्या. पीळ सुटताना गोळा गरगरतो आणि सूत ताणतं, म्हणून गोळा टांगून दहा मिनिटं थांबा आणि तो लटकत असतानाच लांबी मोजा. एक मिलिमीटरची चूक ०.१ टक्का होते. खिळ्याला फास अडकवू नका, तो सरकतो. सूत दोन लाकडी पट्ट्यांत घट्ट दाबा. पंखा बंद.

प्रश्न: गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, एवढा उंच नंदीध्वज (मिरवणुकीतली सजवलेली उंच काठी) माणूस उभा पेलतो, पण हातभर छडी तळहातावर टिकत नाही. असं का?
– वाचक, बाळीवेस

उत्तर: उंचीच मदतीला येते. तळाशी टेकवलेली काठी म्हणजे उलटा लंबक; जितकी लांब, तितकी सावकाश कलते. एकसारख्या जाडीच्या ९ मीटर काठीचा कल पावणेतीन पट व्हायला साधारण ०.७८ सेकंद लागतात, ४५ सेंमीच्या छडीला फक्त ०.१८. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच सुमारे ०.२ सेकंद जातात, म्हणून छडी आधीच निसटते. वरच्या टोकाला वजन असेल तर काठी आणखी सावकाश कलते. मात्र नंदीध्वज जड असतो. वेळ मिळाला तरी तो सावरायला लागणारा जोर मोठा, आणि वारा सुटला की त्याहून मोठा. तिथे सरावाला पर्याय नाही.

प्रश्न: पृथ्वी चंद्राला ओढते, तर तो पडत का नाही?
– वाचक, होटगी रोड

उत्तर: पडतोच आहे, दर सेकंदाला सुमारे १.३६ मिलिमीटर. सोलापुरात सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.८९ मीटर पडतो, वर मोजलेल्या जीच्या निम्मं. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे आणि ओढ अंतराच्या वर्गाने घटते. म्हणून ४.८९ ला ६० च्या वर्गाने, ३६०० ने, भागा. न्यूटनने हीच तुलना केली होती.

त्याच सेकंदात चंद्र आडवा १.०२ किलोमीटर पुढे जातो. एवढ्या अंतरात त्याची कक्षा सरळ रेषेपासून जितकी वळते, ते मापही १.३६ मिलिमीटरच्या आसपास येतं. पडणं आणि वळणं जुळलं, म्हणून अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. हवा आड आली नसती तर जमिनीलगत हेच जुळवायला सेकंदाला ७.९ किलोमीटर वेग लागला असता. त्या वेगाने सोलापूरहून पंढरपूर दहा सेकंदांच्या आत येतं. आणि चंद्राचा आडवा वेग काढून घेतला, तर तो सरळ खाली येऊन पाचेक दिवसांत पृथ्वीवर आदळेल.