स्वस्तातल्या आइसबॉक्समध्ये बर्फ टिकत नाही? आधी झाकण वाजवून बघा

तुमची अडचण थोडक्यात अशी: नऊशे रुपयांचा तीस लिटरचा आइसबॉक्स. रविवारी सकाळी सातला त्यात पाच किलो बर्फ आणि अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या भरायच्या आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचला न्यायचा. दुपारी दोनला, ऐन तहानेच्या वेळी, झाकण उघडावं तर आत नुसतं पाणी. आठ-दहा हजारांचा बॉक्स न घेता यातच काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

येतं. मी स्वतः केलंय, आणि पहिल्यांदा बिघडवून मग केलंय.

आधी थोडा हिशेब मांडू, कारण त्यातच चोर सापडतो. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता पितो. एक लिटर पाणी एका अंशाने थंड करायला एक किलोकॅलरी लागते. आता तुमच्या बारा बाटल्या म्हणजे सहा लिटर पाणी. एप्रिलात आपल्या सोलापुरात घरातल्या कपाटात ठेवलेली बाटलीसुद्धा ३८ अंशांवर असते. ती ४ अंशांवर आणायची म्हणजे ३४ अंश खाली. सहा गुणिले चौतीस, २०४ किलोकॅलरी. भागिले ८०, म्हणजे अडीच किलो बर्फ. तुमचा निम्मा बर्फ बाटल्या गार करण्यातच संपला, उन्हाने त्याला अजून हातही लावलेला नाही. उरलेला अडीच किलो सात तासांत गेला, म्हणजे तासाला साधारण साडेतीनशे ग्रॅम. नऊशे रुपयांच्या बॉक्सला हे फार वाईट नाही हो!

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. शनिवारी रात्रीच बाटल्या फ्रिजमध्ये टाका. बारा मावत नसतील तर आठ टाका. एवढ्यानेच दोन किलोच्या आसपास बर्फ वाचतो. खुद्द बॉक्सही माळ्यावरून किंवा गच्चीवरच्या खोलीतून थेट काढून भरू नका. तापलेल्या बॉक्सच्या भिंतीच पहिल्या तासात बर्फ खातात. आदल्या रात्री त्यात दोन गोठवलेल्या बाटल्या टाकून झाकण लावून ठेवा, सकाळी त्या काढून खरा माल भरा.

आता झाकण. पालथ्या बोटाने आधी बॉक्सच्या बाजूवर टकटक करा, मग झाकणावर. बाजूचा आवाज बद्द येईल, कारण तिथे थोडा का होईना फोम असतो. झाकण मात्र रिकाम्या डब्यासारखं वाजेल. स्वस्त बॉक्सात कंपन्या काटकसर करतात ती नेमकी इथे: दोन प्लास्टिकचे पत्रे आणि मध्ये नुसती हवा. ऊन पडतं तेही झाकणावरच.

हे मला कळलं ते नोकरीमुळे. मी आरोग्य खात्यात होतो. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हापासून निवृत्तीपर्यंत लसीचा कॅरिअर खांद्याला अडकवून गावोगाव हिंडलो. तो कॅरिअर एकदा हातात घेऊन बघा. डबा केवढा आणि आत जागा केवढीशी! बाकी सगळा फोम, आणि झाकण तर भिंतीइतकंच जाड. आत चार बाजूंना चार आइसपॅक, मध्ये लस, वर स्पंजची गादी. त्यावर बसायचं नाही, तो उन्हात ठेवायचा नाही, झाकण घट्ट लावायचं, हे आम्हाला दर फेरीला घोकवून घ्यायचे. निवृत्तीनंतर शेतावर न्यायला बाजारातला आइसबॉक्स घेतला आणि झाकण वाजवलं, तेव्हा हसूच आलं.

झाकणात भरायचा तो कॅनमधला पीयू (पॉलियुरेथेन) फोम, दार-खिडकीच्या चौकटीतल्या फटी भरायला सुतार वापरतात तोच. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. इथे मी काय चूक केली ते आधी सांगतो. झाकणाला एकच भोक पाडलं, नळी घातली आणि अख्खा कॅन एका दमात रिकामा केला. तासाभराने बघतो तर झाकण पुरीसारखं फुगलेलं. बॉक्सवर बसेना, चार कोपरे हवेत. शिवाय महिन्याभराने भोकातून सळई घालून पाहिली तर मधला फोम अजून चिकटच! हा फोम हवेतल्या ओलाव्याने वाळतो. बंद पोकळीत ओलावा पोचत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवेत ओलावा असतोच किती?

दुसऱ्या झाकणाला शहाणा झालो. भोकं आतल्या बाजूने पाडली, वरून नाही, म्हणजे पावसाचं पाणी शिरत नाही आणि दिसतही नाही. आठ मिलिमीटरच्या बिटने सहा भोकं: चार कोपऱ्यांना, दोन मध्ये. बिट पलीकडच्या पत्र्यात जाऊ नये म्हणून त्यावर सेंटीमीटरभर टोक सोडून चिकटपट्टी गुंडाळली. मग कपड्यांना पाणी मारायच्या फवाऱ्याने भोकांतून आत थोडं पाणी मारलं, थोडंच, फक्त दमट होईल इतकं. कॅन चांगला मिनिटभर हलवायचा, उलटा धरायचा आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक भोकात थोडा थोडा फोम सोडायचा. पोकळी साधारण एक तृतीयांश भरली की थांबायचं. झाकण सपाट फरशीवर ठेवून वर पाट आणि पाटावर पाण्याची कळशी. भोकं मात्र उघडी हवीत, जादा फोम तिथून बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याचा फवारा, पुन्हा एक तृतीयांश. तिसऱ्या दिवशी उरलेलं. अर्धवट वापरलेल्या कॅनची नळी दुसऱ्या दिवसापर्यंत चोंदते, म्हणून नळीत ॲसिटोन ओतून ती धुऊन ठेवा. हातात रबरी मोजे घालाच. हा फोम कातडीवर वाळला की साबणाने निघत नाही, आठवडाभर बोटं कुष्ठरोग्यासारखी दिसतात असं माझी आई म्हणाली असती. शेवटी बाहेर आलेले गड्डे कटरच्या पात्याने छाटा आणि भोकं सिलिकॉनने बंद करा. फोम खाण्यापिण्याच्या वस्तूंना लागता कामा नये.

हा तीन दिवसांचा उद्योग नको असेल तर अर्ध्या तासाचा उपाय आहे, आणि खरं सांगायचं तर सत्तर टक्के फायदा त्यातही मिळतो. इंचभर जाडीचं थर्माकोल बॉक्सच्या आतल्या मापाने कापा, जरासं घट्ट बसेल असं. त्याला जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टी मारा, नाहीतर त्याचे दाणे पाण्यात तरंगतात आणि पोरं ते पितात. हे आतलं झाकण थेट बर्फ-बाटल्यांवर टेकवायचं. माल कमी झाला की तेही खाली सरकतं. कॅरिअरमधली स्पंजची गादी हेच काम करायची.

मग येते फट. कागदाची पट्टी झाकणाच्या काठात अडकवा आणि ओढा. अलगद सुटली तर तिथून गार हवा रात्रंदिवस गळतेय. दाराला धूळ येऊ नये म्हणून लावतात ती चिकट फोमची पट्टी काठाभोवती फिरवा. नुसती पट्टी पुरत नाही, झाकण दाबलंही पाहिजे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा लांब तुकडा बॉक्सभोवती ताणून बांधा, झाकण असं बसतं की कागद फाटतो पण सुटत नाही.

इथे एक गैरसमज. सगळे म्हणतात, बॉक्स सारखा उघडू नका. उघडू नका हे बरोबर, पण त्याचा बाऊ फार होतो. तीस लिटर हवेचं वजनच मुळी पस्तीस-चाळीस ग्रॅम. एकदा उघडल्यावर सगळी हवा बदलली तरी ती गार करायला पाच-सात ग्रॅम बर्फ लागतो. वीस वेळा उघडलात तर शे-दीडशे ग्रॅम. उलट एखादा भिडू अर्धी प्यायलेली, उन्हात तापलेली बाटली पुन्हा आत टाकतो, त्या एकीतच जवळपास तेवढा बर्फ जातो. त्याच्यावर नजर ठेवा.

आता माझा लाडका मुद्दा. चादरी आणि टॉवेलच्या गावात राहून लोक बॉक्स उघडाबोडका ठेवतात याचं मला नवल वाटतं. जुना, जाडसर टर्किश टॉवेल घ्या, आपल्या गावचाच. भिजवून पिळा, बॉक्सवर चारी बाजूंनी पांघरा आणि बॉक्स सावलीत, पण वारा लागेल असा ठेवा. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून इथे माठातलं पाणी गार होतं आणि कूलरची हवा गार लागते. तेच काम हा टॉवेल करतो. मे महिन्यात मी थर्मामीटर लावून बघितलं: बाहेर ४२, ओल्या टॉवेलाखाली २७. बर्फ शून्यावर असतो, म्हणजे ४२ अंशांचा फरक २७ वर आला. भिंतीतून आत शिरणारी उष्णता त्याच प्रमाणात घटली, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! बाटल्या आदल्या रात्री गार करणं सोडलं, तर एकही रुपया खर्च न करता याहून मोठा फायदा मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. दोन पथ्यं आहेत. टॉवेल वाळू द्यायचा नाही, तासा-दीडतासाने शिपडत राहायचं. आणि वारा अडेल असं वर काही झाकायचं नाही. ओल्या टॉवेलावर गोधडी टाकलीत तर सगळं मुसळ केरात. जुलैच्या दमट हवेत किंवा कोकणात नेलात तर याचा फारसा उपयोग नाही, तिथे कोरडी सोलापुरी चादर दुहेरी करून गुंडाळलेली बरी.

टॉवेलावर मारायला पाणी कुठलं, असं तुम्ही विचारणारच; नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हा प्रश्न रास्त आहे. हात धुतलेलं पाणी चालतं. आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी आहेच. ते लगेच ओतून टाकायची मात्र घाई करू नका. ते शून्याच्या आसपासचं असतं आणि बाटलीला चहूकडून भिडतं, म्हणून बाटल्या पाण्यात लवकर गार होतात. बाटल्या तरंगायला लागल्या की तोटीतून तांब्याभर काढा आणि टॉवेलावर घाला. बॉक्समध्ये पनीर-मटण असेल तर गोष्ट वेगळी, ते भिजता कामा नये. त्याला खाली जाळी ठेवा आणि पाणी काढत राहा.

बॉक्स टेकवायचा कुठे? शहाबादी फरशी, डांबर, काळी जमीन, भर उन्हात तिन्हींवर अनवाणी पाय ठेवून बघा, मग कळेल. खाली दोन विटा किंवा लाकडी पाट टाका. गाडीत नेताना डिकीत नको, मागच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत ठेवा. झाकण निळं-लाल असेल तर पांढरा रंग मारा. आतून चंदेरी कागद चिकटवायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यात वेळ घालवू नका. चकाकी उपयोगी पडते ती समोर हवेची पोकळी असेल तेव्हा, आणि इथे तर कागदाला बर्फच टेकलेला असतो.

बर्फाबद्दल. गाड्यावरून फोडलेला चुरा घेऊ नका, लादीचा सलग तुकडा मागा. चुऱ्याला अंग जास्त, तो भराभर वितळतो. घरच्या फ्रीझरचा बर्फ उणे १८ अंशांचा असला तरी त्यामुळे किलोमागे जेमतेम ९ किलोकॅलरी जास्त मिळतात, पण तो कोरडा असतो, गाड्यावरच्यासारखं अर्धं वजन पाण्याचं नसतं. मी हल्ली एक लिटरच्या चार बाटल्याच गोठवतो. काठोकाठ भरू नका, पाण्याचा बर्फ झाला की तो नऊ टक्के फुगतो. त्या वितळल्या की प्यायचं पाणी तयार, वर चिखलपाण्याची भानगड नाही. निळसर बर्फ कुणी स्वस्तात देत असेल तर बाटल्यांभोवती ठेवायला चालेल, पण सरबतात टाकू नका. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. आणि मीठ अजिबात नको. कुल्फीवाला मीठ घालतो ते बर्फ लवकर वितळवून शून्याखालची थंडी मिळवायला. आपल्याला नेमकं उलटं हवंय.

फरक पडला की नाही हे कसं ओळखायचं? मी बाल्कनीच्या सावलीत पाच किलो बर्फ टाकून सहा तासांनी वितळलेलं पाणी काट्यावर मोजलं. बॉक्स जसा आणला तसा असताना सव्वादोन किलो. झाकण भरून पट्टी लावल्यावर दीड किलो. वर ओला टॉवेल टाकल्यावर किलोभर. खर्च फोम, पट्टी, सिलिकॉन, थर्माकोल मिळून सहा-सातशे.

यापुढे अपेक्षा ताणू नका. भिंतीतला फोम बोटभरसुद्धा नाही, तो काही आपल्याला जाड करता येत नाही. उजनी धरणाच्या काठावर दोन रात्री मुक्काम ठोकून मासे ठेवायचे असतील तर महागाचाच घ्या किंवा भाड्याने आणा. रविवारच्या मॅचला मात्र हा पुरेल, संध्याकाळी सामान आवरताना तळाशी बर्फाचा गोळा शिल्लक असेल.

येत्या रविवारी फक्त तीन गोष्टी करा: बाटल्या फ्रिजमधल्या, आत थर्माकोल, वर ओला टॉवेल. फोमचं काम नंतर बघू. आणि झाकण वाजवल्यावर आवाज कसला आला तेवढं कळवा. काही बॉक्सांत झाकणात फोमचा पातळ थर असतो आणि वर थोडीच पोकळी. तसं असेल तर भोकं पाडायच्या भानगडीत पडू नका.